दारचा दिवा आणि देवाचा दिवा

दीपावलीचे वेध लागले की गृहस्थाचे लक्ष प्रथम अंगणाकडे जाते. अंगण सारवण्याचे दिवस बहुतेकांच्या घरून गेले. तथापि उंबरठ्याबाहेर उजेड हवा ही भावना टिकून आहे, याचा आम्हांस आनंद वाटतो. अलीकडे या भावनेस एक हौस जडली आहे. नव्या बंगल्याच्या ओसरीवर जुना पितळी लामणदिवा, काचेची हंडी किंवा एखाद्या वाड्यातला कंदील टांगावा, अशी चाल पडली आहे. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार येथे लोक त्यासाठी फेऱ्या घालतात. (दुसऱ्या नावातच इशारा आहे, पण तो कोण ऐकतो?) वाडे पडत आहेत, त्यांतील वस्तू मोडीत वितळण्यापेक्षा कोणाच्या दारी नांदल्या तर बिघडले काय? काहीच नाही. कवी 'अज्ञातवासी' म्हणजे दिनकर केळकर यांनी जुने दिवे वेचून ठेविले नसते, तर पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातील ते वैभव आज आपणांस दिसते ना.

प्रश्न आहे तो, दिवा कोणाच्या घरून निघाला याचा.

गतवर्षी आमच्या परिचयातील एका यजमानांनी असाच एक लामणदिवा आणिला. काठावर अक्षरे होती. ती वाचून द्यावीत म्हणून त्यांनी आम्हांस बोलाविले. विकणाऱ्याने 'वाड्यातला आहे' म्हणून सांगितले होते. काजळी पुसून पाहतो तो, पंचक्रोशीतल्याच एका देवळास नंदादीपासाठी तो अर्पण केल्याचा उल्लेख निघाला. यजमानांचा चेहरा उतरला. "पैसे मोजून घेतला आहे, बुवा," ते म्हणाले. पैसे मोजले हे खरे. परंतु असे द्रव्य म्हणजे देवस्व, आणि जे विकणाऱ्याचेच नव्हे ते घेणाऱ्याचे कसे व्हावे?

चोरी झाली असावी असे समजून आम्ही उभयता त्या गावी गेलो. चोरी झालीच नव्हती! जीर्णोद्धाराच्या वेळी विजेचे दिवे आले, तेव्हा गावच्या कारभाऱ्यांनी जुने दिवे वजनावर मोडीत दिले होते. आणि लाजेने सांगावयाचे ते असे की, त्या जीर्णोद्धाराच्या उत्सवात कीर्तन आमचेच होते. नव्या रोषणाईची आम्ही पूर्वरंगातच वाखाणणी केली होती. डोक्यावरचा रिकामा आकडा आमच्या दृष्टीस पडला नाही. यजमानांनी दिवा परत नेऊन दिला. त्याच आकड्यास तो आता टांगलेला आहे, आणि तेलाचा खर्च यजमान चालवितात. कारभाऱ्यांना आम्ही काय बोलणार?

म्हणून जुना दिवा घेणाऱ्या वाचकांस आमची विनंती आहे की, दिवा उलटा करून काठ, बूड आणि साखळीचा मथळा प्रथम पाहावा. अर्पणाची अक्षरे तेथे असतात. ती कानशीने घासलेली दिसली तर तेथूनच परत फिरावे. शंभर वर्षांपूर्वीची अशी कलाकृती १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाखाली येते. ती विकणाऱ्यापाशी परवाना हवा, आणि परदेशी असलेल्या मुलाबाळांकडे ती आपल्याला पाठविता येत नाही. पावती अवश्य मागावी. फसवणूकही पुष्कळ होते. खऱ्या जुन्या साखळीच्या कड्या जेथे एकमेकींवर टेकतात तेथे झिजलेल्या असतात; आम्ल लावून जुन्या केलेल्या दिव्याचा काळिमा मात्र बहुधा सर्वत्र सारखाच असतो.

आणखी एक. लामणदिवा हा छपराखालचा दिवा आहे. उघड्या फाटकावर तो टांगू नये, आणि विजेची तार घालण्यासाठी त्याच्या बुडास भोक तर मुळीच पाडू नये. एकदा भोक पडले की त्यात तेल राहत नाही. उघड्यावर काच असलेला कंदील चालतो. कार्तिकात आकाशदिवा उंच काठीवर लावावा, आणि तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यास तर मातीची पणतीच शोभते. ती कुंभाराकडे नवी मिळते, आणि कोठून आली हे त्यालाच विचारता येते.