जीर्णोद्धार नको, दुरुस्ती करा

आपल्याकडे एखादी जुनी वस्तू मारायची झाली तर ती मोडावी लागत नाही. तिचा जीर्णोद्धार जाहीर करावा, समिती नेमावी, वर्गणी गोळा करावी. पुढचे काम आपोआप होते. काळ्या पाषाणाची देवळे आपण ऑइलपेंटने रंगवली, वाड्यांच्या सागवानी खांबांभोवती चकचकीत फरश्या बसवल्या. आता हाच भक्तिभाव नाट्यसंस्थांच्या अडगळीत पडलेल्या ऑर्गनांकडे वळला आहे आणि तो माझ्या दुकानाच्या दारात येऊन उभा राहतो. म्हणून हा लेख. मी लेखक नव्हे. पेट्या आणि ऑर्गन दुरुस्त करणारा माणूस आहे. पुण्यातल्या एका बोळात, दहा बाय बाराच्या खोलीत, पन्नास वर्षे कानस आणि सरसाचे भांडे घेऊन बसलो आहे. भांडायला मला फारसा वेळ नसतो. पण आता न भांडणे हा गुन्हा ठरेल.

ऑर्गन म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे युरोपातल्या चर्चमधील हजारो नळ्यांचे अजस्र वाद्य उभे राहते, त्यांना आधी सांगतो, की मराठी रंगभूमीने ज्याला ऑर्गन म्हटले ते त्याचे धाकटे भावंड. त्यात नळ्या नसतात, पितळेच्या जिभा असतात. पेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो आणि ती रीडमधून जाते. अमेरिकन धाटणीच्या ऑर्गनचा भाता हवा आत ओढून घेतो. शिवाय त्याच्या जिभेच्या टोकाला कारखान्यातल्या कारागिराने हाताने किंचित बाक आणि पीळ दिलेला असतो. त्या बाकातच त्या आवाजाची गोलाई आहे. बोस्टनची मेसन अँड हॅम्लिन, व्हरमाँटमधली एस्टी अशा कंपन्यांनी एकोणिसाव्या शतकात ही वाद्ये हजारोंनी बनवली. तिकडच्या प्रार्थनामंदिरांसाठी आणि दिवाणखान्यांसाठी. आपण ती रंगमंचासमोर आणून बसवली आणि त्यांनी बालगंधर्वांच्या स्वराला साथ दिली. वाद्य परक्यांचे खरे. पण त्याला हे गाणे आपण शिकवले.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेचे पत्र आले. संस्थेचे नाव सांगत नाही. अशा संस्था एक नाही, अनेक आहेत. वर्धापनदिनापूर्वी ऑर्गन "अगदी नवा" करून हवा होता. पॉलिश, सगळे रीड नवीन आणि पाय मारण्याचा त्रास नको म्हणून विजेची मोटर. मी जाऊन वाद्य पाहिले. भात्याचे रबरी कापड कडक होऊन घडीवर चिरले होते. बनात कसरीने खाल्ली होती, झडपांचे चामडे वाळले होते. एका कोपऱ्यात उंदराचे घरटे होते. रीड मात्र ठणठणीत होते. फक्त धुळीने माखलेले. मी लिहून दिले : कापड, चामडे आणि बनात बदलू, रीड एकेक काढून साफ करू आणि जिथल्या तिथे ठेवू, मोटर बसवणार नाही, पॉलिशचे शेवटी, पैसे उरले तर. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे करण्याची माझी तयारी नव्हती. समितीने काम दुसऱ्याकडे दिले.

तीन वर्षांनी तोच ऑर्गन टेंपोतून माझ्याकडे आला. आरशासारखा चमकत होता आणि मुका होता. आत नव्या, सपाट जिभा. जुन्या भंगारात गेलेल्या. मोटर एकाच जोराने हवा ओढत राहायची. त्यामुळे पायाच्या दाबाने स्वर फुलवणे आणि मिटवणे, ही जी या वाद्याची सारी कला, ती संपलेली. आणि सांधे? ते आधुनिक पांढऱ्या डिंकाने चिकटवलेले. जुने कारागीर सरस वापरीत ते काही अडाणी होते म्हणून नव्हे. सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो. शंभर वर्षांनी येणाऱ्या माणसाला फळी न फोडता आत जाता यावे, म्हणून तो असतो. या पांढऱ्या डिंकाचा सांधा सुटत नाही. त्याच्या आधी लाकूड फाटते. मी फळी काढू गेलो आणि ती उभी चिरली. ज्याने तो डिंक लावला त्याने एवढेच ठरवून टाकले होते, की आपल्यानंतर या वाद्याला कोणी हात लावणार नाही.

हे वाचून मी स्वतःला शहाणा समजतो असे कोणाला वाटेल. तसे नाही. हे पाप मी स्वतः केले आहे. १९७८ साल होते, मी पंचविशीत होतो. एका नाटक कंपनीचा ऑर्गन तिच्या पेटीपेक्षा किंचित चढा लागे. प्रयोग दोन दिवसांवर आला होता आणि माझे गुरू, आमचे मिस्त्री, गावाला गेले होते. जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, एवढी विद्या मला आली होती. एकसष्ट पट्ट्या, रीडचे दोन संच. एकशे बावीस जिभांची मुळे मी दोन रात्रीत कानशीने घासली. प्रयोग रंगला, माझी पाठ थोपटली गेली. वर्षभरात पहिली जीभ मुळाशी तुटली. मग दुसरी, मग आठवड्याआड एक. मूळ बारीक झालेली जीभ कंप किती दिवस सोसणार? काही वर्षांत तो ऑर्गन खाऊन टाकलेल्या कणसासारखा झाला आणि एका पावसाळ्यात बंबात गेला. पेटीचे रीड बाजारात मिळत होते. चढवायची ती पेटी. हे मला सुचले नाही, कारण मला काम करून दाखवायचे होते. मिस्त्री रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "धातू काढता येतो रे, परत घालता येत नाही." माझा सारा धंदा त्या एका वाक्यावर उभा आहे.

आता कोणी म्हणेल, ही एका म्हाताऱ्या मिस्त्रीची हळवी बडबड. तर मग लांबारेनेच्या त्या डॉक्टरांची साक्ष काढू, ज्यांना शांततेचे नोबेल मिळाले. आल्बर्ट श्वाइट्झर आफ्रिकेत गेले १९१३ साली. त्याआधी ते ऑर्गनवादक आणि बाखचे चरित्रकार होते. १९०६ साली त्यांनी एक पुस्तिका लिहून कारखानदारी ऑर्गनांवर हल्ला चढवला. अंगणात मोठा आवाज करणारे नवे धूड आणण्यासाठी गावोगावची जुनी, गोड वाद्ये मोडीत काढली जात होती. त्यांनी ती दुरुस्त करून राखा म्हणून हाकाटी केली. लोक हसले. पण १९०९ साली व्हिएन्नाच्या संगीत परिषदेत ऑर्गनबांधणीचे नियम तयार झाले, त्यांत त्यांचा मोठा वाटा होता. आज त्या जर्मनीत सुमारे पन्नास हजार ऑर्गन आहेत आणि ते बांधणाऱ्या व सांभाळणाऱ्या सुमारे चारशे कार्यशाळा. बहुतेक लहान, घरच्या. तेथे मुलगा साडेतीन वर्षे उमेदवारी करतो, आणि पगार घेऊन करतो. २०१७ साली युनेस्कोने या कारागिरीला मानवजातीचा वारसा म्हटले. लक्षात घ्या, वारसा वाद्याला म्हटले नाही; हातांच्या विद्येला म्हटले.

"ते श्रीमंत देश आहेत," हे उत्तर मला पाठ आहे. शाली, श्रीफळे, स्मरणिका आणि मांडव यांवर आपण एका संध्याकाळी जे उधळतो, त्यात एका मुलाची वर्षाची उमेदवारी निघेल. पैसा नाही हे खोटे. दुरुस्तीचे उद्घाटन करता येत नाही, हे खरे.

दुसरे उत्तर विजेच्या कीबोर्डचे. त्याच्याशी माझे वैर नाही. एस.टी.ने दौऱ्यावर जाणाऱ्या साथीदाराने काखेत मावणारे वाद्य का घेऊ नये? खुशाल घ्यावे. पण त्याला ऑर्गन म्हणून जुन्याला निवृत्त करू नये. त्याचा एक भाग बंद पडला आणि कंपनीने तो काढणे थांबवले, की ते फेकावे लागते. शंभर वर्षांचा ऑर्गन मी आजही एका स्क्रूड्रायव्हरने उघडतो. मग यांतला जुनाट कोण?

तेव्हा ज्यांच्या संस्थेत, वाड्यात, शाळेच्या गच्चीखाली एखादा ऑर्गन पडून असेल, त्यांना माझे सांगणे थोडके आहे. त्याला काचेत घालू नका; महिन्यातून एकदा वाजवा, कारण न चाललेला भाता आधी फाटतो. जे झिजते ते बदला. कापड, चामडे, बनात झिजण्यासाठीच असतात. जे बोलते त्याला हात लावू नका. सरस वापरा. काढलेला तुकडा फेकू नका. पाकिटात घालून आतच ठेवा. एखाद्या मुलाला शिकायला पाठवा आणि त्याला पगार द्या. माझ्या खोलीत दुसऱ्या स्टुलाला जागा आहे; ते कित्येक वर्षे रिकामे आहे.

गेल्या पावसाळ्यात एक ऑर्गन उघडला. तळफळीच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीने कोणा आधीच्या मिस्त्रीने लिहिले होते : "भाता नवा केला. सूर शाबूत. १९३१." नाव पुसट झाले होते. त्याखाली मी कापड कोणते घातले, कोणत्या तीन रीडना किती कानस लागली, ते साल घालून लिहिले आणि फळी बसवली. स्क्रूने आणि सरसाने. पॉलिश केले नाही. मालक नाराज झाले. ऑर्गन वाजतो आहे.