दीर्घायुष्य की आयुष्याची लांबी?

इंग्रजीतील ‘लाइफ स्पॅन’, ‘लाइफटाइम’ आणि ‘लाइफ एक्स्पेक्टन्सी’ या तिन्हींच्या अनुवादात हंगेरियनला ‘एलेत्तॉर्तॉम’ याच शब्दाचा आधार घ्यावा लागतो. सबब ती भाषा शब्ददरिद्री ठरते, हा कोशनिष्ठ युक्तिवाद मुळातच भ्रामक आहे. ‘एलेत’ म्हणजे जीवन, ‘तॉर्तॉम’ म्हणजे कालावधी. त्याआधी ‘वारहॉतो’, म्हणजे अपेक्षित, हे विशेषण जोडले की ‘लाइफ एक्स्पेक्टन्सी’ची संज्ञा सिद्ध होते. व्यक्तीला लाभलेला कालावधी आणि संख्याशास्त्राने समूहासाठी वर्तवलेला कालावधी यांचे नाते व त्यांतील भेद, दोन्ही या रचनेत उघड दिसतात. इंग्रजी संज्ञांत ते तसे दिसत नाहीत.

खरी कसोटी ‘लॉन्जेविटी’ची. इंग्रजीत हा शब्द कधी दीर्घायुष्य सुचवतो, तर कधी केवळ आयुष्याची लांबी. हंगेरियन अनुवादकाला मात्र ‘होस्सू एलेत’, म्हणजे दीर्घ जीवन, आणि ‘एलेत्तॉर्तॉम’ यांतून निवड करावीच लागते. अल्पायुषी समूहाविषयीच्या विवेचनात त्याने ‘होस्सू एलेत’ योजले, तर अर्थाचा विपर्यास होतो. मूळ संहितेने झाकलेली संदिग्धता येथे अनुवादच उघडी करतो. प्रतिशब्दांची मोजदाद करून भाषांची श्रीमंती ठरवणारे नेमक्या या निर्णयाकडे पाहत नाहीत. अनुवादाचे समीक्षात्मक कार्य मात्र तेथेच घडत असते.