घरातल्या जुन्या एचआरसीटीत हृदयाचाही फोटो आहे

एप्रिल २०२१ आठवतोय? आपल्याकडे नांदेड-लातूरला तेव्हा आरटीपीसीआरचा रिपोर्ट यायच्या आधीच लोक छातीचा सीटी काढून यायचे. फोनवर पहिला प्रश्न एकच, "स्कोअर किती आला?" लातूरच्या माझ्या मामांचा आला २५ पैकी ९. मामा बरे झाले, सीडी कपाटात गेली.

अडीच वर्षांनी, ५१ व्या वर्षी, मामांना दुकानात बसल्या बसल्या हार्ट अटॅक आला. वाचले, स्टेंट बसला. नंतर नांदेडला तपासणीसाठी नेलं तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारलं, जुना एखादा स्कॅन आहे का? मी ती सीडी दिली. त्यांनी काँप्युटरवर स्क्रोल करत हृदयापाशी थांबवलं. एका रक्तवाहिनीच्या कडेला खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ होती. २०२१ पासूनच. रिपोर्टमध्ये मात्र फक्त फुप्फुसांबद्दल लिहिलेलं. त्या दिवसांत कुणाला हृदयाकडे बघायला वेळ होता म्हणा.

ती रेघ म्हणजे कॅल्शियम. बोअरचं पाणी तापवून गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तसंच काहीसं समजा. फरक एवढाच की हा थर वाहिनीच्या आत नाही, तिच्या भिंतीत बसतो. आधी तिथे चरबी साठते, सूज येते आणि बऱ्याच वर्षांनी त्यात कॅल्शियम जमतं. सीटीत ते हाडासारखं पांढरं दिसतं. ईसीजी हृदयाचा करंट बघतो, टूडी इको पंपिंग बघतो. दोन्ही नॉर्मल असून भिंतीत हे सगळं चालू असू शकतं.

हे मोजायची पद्धत अमेरिकेतल्या आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. ठरावीक पातळीपेक्षा जास्त पांढरा दिसणारा प्रत्येक ठिपका पकडायचा, त्याचं क्षेत्रफळ घ्यायचं, तो किती गडद पांढरा आहे त्यानुसार १ ते ४ ने गुणायचं आणि बेरीज करायची. शून्य आलं तर येत्या काही वर्षांचा धोका सहसा कमी. १०० च्या वर गेलं की डॉक्टर बहुतेकदा कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, सुरू करायचा विचार करतात. ४०० च्या वर म्हणजे प्रकरण गंभीर. त्यासाठीचा खास स्कॅन दोन ठोक्यांच्या मधल्या शांत क्षणी फोटो घेतो. साध्या एचआरसीटीत ती सोय नसते, म्हणून हृदय थोडं हललेलं येतं.

इथे एआय कामाला येतं. हललेल्या फोटोतूनही कॅल्शियमचा अंदाज काढायला त्याला शिकवलंय. अमेरिकेत स्टॅनफर्डला एक छोटी चाचणी झाली, २०२३ मध्ये छापून आली. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या छातीच्या सीटींमध्ये एआयने कॅल्शियम शोधलं. काही पेशंटना आणि त्यांच्या डॉक्टरांना ते फोटोसकट कळवलं, बाकीच्यांना नेहमीसारखंच सोडलं. सहा महिन्यांत कळवलेल्यांपैकी ५१ टक्क्यांना स्टॅटिन सुरू झालं, न कळवलेल्यांपैकी ७ टक्क्यांना. फोटो सगळ्यांचे आधीच होते! मला यात सॉफ्टवेअरपेक्षा ते 'कळवणं' मोठं वाटतं.

"मग मी पण काढू का भाऊ?" जिममध्ये कोसळल्याचा एखादा व्हिडिओ व्हायरल झाला की लगेच हार्ट चेकअपच्या जाहिराती सुरू होतात, म्हणून विचारताय ना? पंचविशीत असाल तर माझं मत, नको. कॅल्शियम उशिरा जमतं. तरुणांमध्ये भिंतीत मऊ चरबी असली तरी स्कोअर शून्यच येऊ शकतो, आणि आपण ते शून्य स्टेटसला टाकून निर्धास्त होतो. वर रेडिएशन फुकट. त्यापेक्षा बीपी, शुगर आणि लिपिड प्रोफाइल करा, गुटखा-सिगारेट सोडा. ५२ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्यांना ५९ च्या आसपास. म्हणजे आत्ता घरात ज्यांची काळजी करायची, ते आपले आई-बाबा.

त्यांचा एचआरसीटी झाला असेल तर सीडी शोधा. फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो चालत नाही, त्यात बारीक ठिपके हरवतात. मूळ डायकॉम फाइल लागते. ती फिजिशियनला किंवा रेडिओलॉजिस्टला दाखवून थेट विचारा, "हृदयाच्या वाहिन्यांत कॅल्शियम दिसतंय का?" दिसलं तर पुढचं ते ठरवतील. दिसलं नाही तरी चार वर्षांत बरंच बदलतं, हे लक्षात ठेवा.

माझ्या आईची सीडीही सापडली, लग्नाच्या सीड्यांच्या डब्यात. सख्ख्या भावाला पंचावन्नच्या आत अटॅक आला असेल तर बहिणीचाही धोका वाढलेला धरतात, म्हणून मामांनीच मागे लागून शोधायला लावली. घरातल्या एकाही लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. शेवटी एका फोटो स्टुडिओवाल्याने पेनड्राइव्हवर काढून दिली. मंगळवारी दाखवायची आहे.