खोटारडा काटा

मंडळी, गाडीच्या पाण्याच्या काट्यावर कुणी लेख लिहितं का? पण मार्चमधली गोष्ट अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा प्रपंच.

आमची जुनी पेट्रोल गाडी नातेवाईकांपैकी बहुतेकांनी पाहिलीय. गेल्या दिवाळीच्या सुमारास तिच्या टेंपरेचरच्या काट्याने नाटकं सुरू केली. सकाळी चावी फिरवली की काटा थेट एचवर! रात्रभर अंगणात गारठलेलं इंजिन दोन सेकंदांत तापेल कसं? म्हणजे काटा खोटं बोलतोय हे उघड होतं. मिस्त्रीने बॉनेट उघडून इंजिनावरच्या सेन्सरची वायर काढली. काटा निमूटपणे सीवर येऊन पडला. "झालं भाऊ, आता टेन्शन नाही." पैसेही घेतले नाहीत. मी खूश.

मार्चमध्ये अण्णांना घेऊन औंढा नागनाथला निघालो. हिंगोलीहून जेमतेम पंचवीस किलोमीटर. दुपारचं ऊन, शिवारात ठिकठिकाणी हळद शिजवणं चाललेलं. वाफ दिसली तेव्हा मला वाटलं हळदीचीच असेल. ती आमच्या बॉनेटमधून येत होती. काटा मात्र सीवर, शांत!

मी घाईघाईने रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात शेतातले एक काका ओरडले, "थांबा! हात भाजंल." त्यांचं बरोबर होतं. झाकण बंद असताना आत दाब असतो, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब सुटतो आणि तेच पाणी उकळून अंगावर येतं. शहात्तर वर्षांचे अण्णा दोन तास लिंबाखाली बसून होते. ते एकदाही कुरकुरले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

खालचा होज पाईप चिरला होता. पाणी गेलं, हेड गॅस्केट उडालं, बिल पाच आकडी.

दुसऱ्या मिस्त्रीने जे समजावलं ते ऐकून मी कपाळाला हात लावला. अशा जुन्या गाड्यांत सेन्सर तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि काटा वर चढतो. वायर काढली की काटा खाली यायलाच हवा. आला, तर वायर आणि मीटर ठीक, दोष सेन्सरचा. नाही आला, तर वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकतेय. म्हणजे दिवाळीतच उत्तर हातात आलं होतं! वायर काढणं ही तपासणी होती, आम्ही तिलाच दुरुस्ती समजलो. काहीशे रुपयांचा सेन्सर बदलला असता तर भागलं असतं. मिस्त्रीला दोष देऊन काय उपयोग, पाच महिने गाडी मीच चालवत होतो.

माझं मत विचाराल तर खोटं ओरडणाऱ्या काट्यापेक्षा गप्प केलेला काटा जास्त घातक. ओरडणारा निदान संशय तरी जागा ठेवतो. आणि चांगल्या काट्यावरही आंधळा भरवसा नको. पाणीच संपलं तर सेन्सर नुसत्या वाफेत राहतो आणि काटा उलट कमी दाखवू शकतो. हळद शिजली की नाही हे ते काका वाफ बघून, वास घेऊन आणि कांडीत काडी टोचून ठरवतात. एकाच खुणेवर विसंबत नाहीत. आपण मात्र काचेमागच्या एका काट्यावर सगळं सोपवतो. आता मी रोज सकाळी, इंजिन थंड असताना, पाणी बघतो. नव्या अनेक गाड्यांत काटा नसतो, नुसता दिवा असतो. त्यांनी तर हे जरूर करावं.

परवा अण्णांचं बीपी जास्त आलं. मी सवयीने म्हणालो, "मशीनची बॅटरी गेली असेल."

अण्णा चष्म्यावरून बघत म्हणाले, "मग याचीही वायर काढतोस का?"

बॅटरी बदलून पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. उद्या डॉक्टरांकडे जातोय.