बॅकअप आहे हो, पण त्यातली एक फाईल मिळेल का?

तुमच्यापैकी बरेच जण आता टॅली आणि बिलिंग व्हर्च्युअल मशीनवर चालवतात. म्हणजे एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात चालणारा तुमचा स्वतंत्र कॉम्प्युटर. विकणारा सांगतो, "साहेब, रोज रात्री अख्ख्या मशीनचा बॅकअप होतो, निर्धास्त राहा." माझं मत विचाराल तर एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

समजा, दिवाळीच्या आठवड्यात गुरुवारी लक्षात आलं, की उधारीची एक्सेल फाईल सोमवारी कुणीतरी उडवली. वेंडर म्हणतो, "रविवारचा बॅकअप आहे, मशीन तिथे मागे नेतो." फाईल येईल हो, पण सोमवारपासूनची सगळी बिलं आणि स्टॉकच्या एन्ट्री जातील, त्याचं काय? ऐन सीझनमधली!

आणि याची गरजच नसते. व्हर्च्युअल मशीनची डिस्क ही शेवटी एक मोठी फाईलच असते. हायपर-व्हीमध्ये ती व्हीएचडीएक्स प्रकारची असते. बॅकअपमधल्या त्या फाईलची कॉपी घ्या, विंडोज १० किंवा ११ वर राइट क्लिक करून 'माउंट' करा. पेन ड्राइव्हसारखा नवा ड्राइव्ह दिसेल. हवी ती फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या आणि ड्राइव्ह 'इजेक्ट' करा. चालू मशीनला हातही लावायचा नाही. वीमसारख्या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये तर सुट्या फाईली काढायची सोय आतच असते.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. डिस्कला बिटलॉकर लावलं असेल, तर त्याची रिकव्हरी की जपून ठेवा, नाहीतर ड्राइव्ह दिसेल पण उघडणार नाही. आणि टॅलीचा डेटा एका फाईलमध्ये नसतो, म्हणून कंपनीचं पूर्ण फोल्डर घ्यायचं.

वेंडरला पैसे देण्याआधी हे तीन प्रश्न विचारा:

१. मला एकच फाईल हवी असेल, तर किती वेळात द्याल आणि त्याचे वेगळे पैसे घ्याल का?
२. किती दिवस मागचा बॅकअप ठेवता? रोज जुन्यावरच नवा चढत असेल, तर सोमवारी गेलेली फाईल गुरुवारी कुठून आणणार?
३. बॅकअप त्याच सर्व्हरवर आहे की दुसरीकडे? स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. मूळ डिस्क गेली, की तोही गेला.

कुणी म्हणेल, छोट्या धंद्याला एवढं कशाला? अहो, जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. तिथे धंदा छोटा आहे म्हणून सूट नाही. मोठ्या कंपनीकडे आयटीचा माणूस असतो. आपल्याकडे आपणच.

म्हणून या रविवारी एक काम करा. एक साधी फाईल निवडा आणि वेंडरला सांगा, "परवाच्या बॅकअपमधून एवढीच काढून द्या." दिली, तर बॅकअप आहे. नाही दिली, तर तुम्ही दर महिन्याला फक्त एका शब्दाचे पैसे भरताय.

माउंट कसं करायचं ते सोबतच्या व्हिडिओत दाखवलंय. बघा आणि करून पाहा.