गुडघ्याची ‘झीज’ आणि बसून राहण्याचे दुखणे

सोयाबीनची सोंगणी आटोपली की केनवड आणि आसपासच्या खेड्यांतून गुडघे धरून येणाऱ्या रुग्णांची संख्या वाढते. त्यांत साठीच्या पुढच्या स्त्रिया अधिक असतात. पावसाळाभर त्या निंदणासाठी उकिडव्या बसलेल्या असतात आणि दसऱ्याच्या सुमारास वाकून विळा चालवलेला असतो. हातात एक्स-रेचा लिफाफा असतो आणि तोंडी एकच वाक्य, “डॉक्टरसाहेब, गुडघ्यातला गॅप संपला म्हणतात.” सोबत आलेला मुलगा जरा बाजूला घेऊन विचारतो, “आईचं ऑपरेशनशिवाय काही होईल का?” बहुतेक रुग्णांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र त्या उत्तराच्या वाटेत एक शब्द आडवा येतो, तो म्हणजे ‘झीज’.

झीज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गाडीचे चाक येते. चाक जितके फिरेल तितके झिजेल, म्हणून ते कमी फिरवावे. हाच हिशेब आपण गुडघ्याला लावतो आणि घरातील मंडळी मायेने सांगतात, “आता तू उठू नकोस, बसल्या जागी सगळे देऊ.” परंतु गुडघा हा जिवंत अवयव आहे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. चालताना ती दाबली जाते, पाऊल उचलताना सैल होते आणि ओला स्पंज दाबून सोडावा त्याप्रमाणे सांध्यातील द्रव तिच्यात ये-जा करतो. तिचे पोषण याच मार्गाने होते. अर्थात हालचाल थांबली की कूर्चेची उपासमार सुरू होते.

दुसरे असे की, एक्स-रेमधील चित्र आणि प्रत्यक्ष वेदना यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. चित्रात सांधा बराच बिघडलेला दिसूनही रोज शेताला जाऊन येणारी माणसे मी पाहतो, आणि चित्र जवळजवळ स्वच्छ असताना जिना चढू न शकणारीही पाहतो. वेदना केवळ कूर्चेची नसते. हाड, सांध्याचे अस्तर, भोवतालचे स्नायू, झोप, मनाची उमेद या सर्वांचा तीत वाटा असतो. यांतील आपल्या हाती सर्वाधिक असणारी गोष्ट म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. गुडघा दुखतो म्हणून माणूस बसतो, बसल्याने हा स्नायू रोडावतो, तो रोडावला की पावलाचा धक्का थेट सांध्यावर येतो आणि दुखणे वाढते. हे चक्र ज्या ठिकाणी तोडता येते ते ठिकाण व्यायाम हेच आहे.

हा व्यायाम घरच्या बाजेवरही होतो. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि गुडघ्याने ती खाली दाबावी. पाचपर्यंत मोजून सोडावे. असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. हे जमू लागले की उताणे निजून एक गुडघा दुमडावा, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा, पाच मोजावेत, सावकाश खाली ठेवावा. श्वास रोखू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. तिसरा व्यायाम मला सर्वांत मोलाचा वाटतो. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवर बसावे आणि हातांचा आधार न घेता, न जमल्यास थोडा घेऊन, उभे राहावे व हळूच बसावे. प्रारंभी पाच वेळा पुरे. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची मात्र या कामी घेऊ नये.

“व्यायाम केला की दुखते, मग करावा कसा?” ही तक्रार रास्त आहे. व्यायामाच्या वेळी थोडे दुखणे म्हणजे सांध्याला इजा होणे नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे नेहमीइतकेच असेल तर प्रमाण योग्य आहे असे समजावे. वाढलेले असेल किंवा गुडघा सुजला असेल तर संख्या निम्मी करावी, परंतु व्यायाम सोडू नये. चालणेही असेच, एका दमात अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटे तीनदा, सपाट रस्त्याने. गुण येण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. आठवड्याभरात कंटाळून गोळीकडे वळणारेच अधिक असतात, म्हणून हा काळ आधीच सांगून ठेवतो.

हालचाल हवी म्हणजे सगळीच हालचाल चांगली असे नाही. उकिडवे बसणे, मांडी घालून तासन्तास बसणे, जमिनीवरून वारंवार उठणे यांत दुखऱ्या गुडघ्यावर मोठा ताण येतो. निंदणाला बसावेच लागत असेल तर बूड टेकवायला लहानसे स्टूल घ्यावे, अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे, उरलेले काम उभ्याने होणाऱ्या कामाशी अदलाबदल करून घ्यावे. शौचालयात कमोडची खुर्ची ठेवावी. पंगतीत खुर्ची मागण्याचा, देवासमोर पाटाऐवजी स्टुलावर बसण्याचा संकोच आपल्याकडे फार आहे. भजनात टाळ खुर्चीवर बसूनही तितकाच वाजतो.

काठीविषयी एक महत्त्वाची गोष्ट. जवळजवळ प्रत्येक जण दुखऱ्या पायाच्याच बाजूला काठी धरतो. ती विरुद्ध हातात हवी. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावी आणि दुखऱ्या पायासोबतच पुढे टाकावी. हात सरळ सोडल्यावर मनगट जेथे येते तेवढी तिची उंची असावी. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास विनामूल्य झाला, पण गाडीची पहिली पायरी तेवढीच उंच राहिली. तिथे हा क्रम कामी येतो.

वजनाचा विषय निघाला की रुग्ण नजर चुकवतात. अमेरिकेतील वैद्यक संशोधकांनी 2005 मध्ये मोजून दाखवले की, शरीराचे वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. सत्तर किलोंच्या व्यक्तीने चार-पाच किलो कमी केले तरी फरक जाणवू शकतो. साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन केलेली एकादशी या हिशेबात धरू नये. उलट, आपल्या भागात हडकुळ्या देहाच्या कष्टकरी आजींचेही गुडघे दुखतात. त्यांनी खाणे मुळीच कमी करू नये. मूत्रपिंडाच्या विकारामुळे पथ्य नसेल तर त्यांच्या ताटात डाळ, दूध, मटकी, खात असल्यास अंडे वाढले पाहिजे, नाहीतर व्यायामाने स्नायू बांधला जाणार कशातून?

आता औषधे. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या गुण देतात यात शंका नाही. प्रश्न आहे तो दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने घेण्याचा. त्या जठरात व्रण करतात, रक्तदाब वाढवतात, आणि मूत्रपिंडाला इजा करतात. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांना हा धोका अधिक, आणि त्यात पावसाळ्यात जुलाब लागले तर फारच अधिक. आपल्या आकाशातून गिधाडे नाहीशी झाली ती जनावरांना टोचलेल्या याच डायक्लोफेनॅकमुळे. मेलेल्या जनावराचे मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी हे औषध भारतात बंद करण्यात आले. माणसाचे शरीर गिधाडापेक्षा हे औषध पुष्कळ चांगले सोसते, परंतु सोसण्याला मर्यादा असते. याच औषधाचे मलम दुखऱ्या गुडघ्यावर लावले तर रक्तात फार थोडे उतरते आणि पुष्कळांना आराम पडतो. ज्येष्ठांसाठी आधी मलम, मग गरज पडल्यास थोड्या दिवसांची गोळी, तीही डॉक्टरांना विचारून, असा क्रम मी धरतो. मलम लावल्यावर त्यावर शेक देऊ नये. तेलाच्या मालिशीने बरे वाटत असेल तर ती अवश्य करावी. तेल सांध्यात मुरते ही मात्र कल्पनाच आहे.

बाजारात, जत्रेत मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांविषयी मी कठोर बोलतो. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. चेहरा गोल होणे, साखर वाढणे, जरा पडले तरी हाड मोडणे हे त्याचे पुढचे अंक. अशी पुडी बरेच दिवस घेत असाल तर ती एकाएकी बंद करू नका, त्यानेही जिवाला धोका होतो. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

सांध्यात द्यायच्या इंजेक्शनांबद्दल थोडक्यात. सूज फार असेल तेव्हा स्टेरॉइडचे एखादे इंजेक्शन काही आठवड्यांचा दिलासा देते. परंतु दर तीन महिन्यांनी ते देत राहिल्यास दोन वर्षांत कूर्चा अधिक पातळ होते आणि वेदनेत साध्या मिठाच्या पाण्यापेक्षा अधिक लाभ होत नाही, असे 2017 च्या एका अभ्यासात आढळले. स्वतःच्याच रक्तापासून बनवलेले महागडे पीआरपी इंजेक्शन 2021 मध्ये ऑस्ट्रेलियातील चाचणीत मिठाच्या पाण्याहून सरस ठरले नाही. त्यासाठी सोने गहाण ठेवू नये. दुर्बिणीने गुडघा ‘साफ’ करण्याची शस्त्रक्रियाही वयोमानाच्या संधिवातात लाभत नाही. 2002 मध्ये अमेरिकेत काही रुग्णांना केवळ कातडीला छेद देऊन शस्त्रक्रियेचा देखावा केला, त्यांनाही तितकाच आराम पडला!

सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया मात्र वेगळी. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात 2000 मध्ये त्यांचा एक आणि 2001 मध्ये दुसरा गुडघा बदलण्यात आला, तेव्हापासून हे नाव घरोघरी पोचले. 2017 मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम सांध्याच्या किमतींवर मर्यादा घातली. तीन-चार महिने नेटाने व्यायाम करूनही रात्रीची झोप उडत असेल, घरातल्या घरात चालणे अवघड झाले असेल, पाय वाकडा होत चालला असेल, तर ‘ऑपरेशन नकोच’ असा हट्ट धरणे अन्यायाचे आहे, विशेषतः आईच्या वतीने हट्ट धरणाऱ्या मुलांनी. व्यायाम केलेली मांडी शस्त्रक्रियेनंतरही उपयोगी पडते.

गुडघा अचानक लाल, गरम होऊन ताप आला, पडल्यानंतर पाय टेकवेना, किंवा पोटरी एकाच बाजूला सुजली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सकाळी तासाहून अधिक वेळ हातापायांचे अनेक सांधे आखडत असतील तर तो आमवात असू शकतो. तापानंतर अनेक सांधे महिनोन्महिने धरले असतील तर चिकुनगुन्याचाही विचार करावा लागतो. या दोन्हींचे उपचार निराळे आहेत.

घरातील मंडळींना एक काम सांगतो. आज आजी-आजोबांना खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता येते ते शेजारी उभे राहून मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. दर रविवारी पुन्हा मोजा. दोन महिन्यांनी दवाखान्यात येताना एक्स-रेच्या लिफाफ्यासोबत ते कॅलेंडरही आणा.