परवाना आहे, कर्ता कुठे?

कंपन्यांच्या आशय-व्यवस्थापन प्रणालीत विकतच्या छायाचित्राच्या परवान्याची मुदत काटेकोरपणे नोंदवली जाते. छायाचित्रकाराचे नाव मात्र बहुधा गळते. ही निव्वळ तांत्रिक चूक आहे, असे आम्ही मानत नाही. अमेरिकी छायाचित्रकार कॅरल हायस्मिथ यांनी आपली छायाचित्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसमार्फत सर्वांना खुली केली. त्यांनाच, स्वतःचे छायाचित्र वापरल्याबद्दल, १२० डॉलरच्या वसुलीचे पत्र आले. २०१६ साली त्यांनी न्यायालयात धाव घेतली. बार्थच्या ‘लेखकाच्या मृत्यू’ने वाचक मोकळा झाला, इथे कर्त्याच्या मृत्यूवर विक्रेता पोसला जातो. आपल्याकडील १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ हक्क विकल्यानंतरही कर्तृत्वावरचा दावा शाबूत ठेवते. म्हणून आमचा आग्रह एवढाच: कर्त्याचा रकाना रिकामा असेल, तर प्रणालीने ते चित्र प्रकाशितच होऊ देऊ नये.